टँटीची पंचमी

वॉलॉंगॉंगला मी ज्या घरात दोन वर्षं राहिलो ते लाकडी घर होतं, फिकट पिवळ्या रंगाचं, आणि त्याच्या मागच्या कुंपणापलीकडून रेल्वे जायची. सिडनीला जाणारी माणसांची गाडी हलकी. ती गेली की कपाटातल्या बश्या नुसत्या किणकिणायच्या. पण पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्याकडे जाणारी कोळशाची मालगाडी आली की खिडक्यांपासून पलंगापर्यंत सगळं हादरायचं, आणि टँटीचं बोलणं थांबायचं. ती वाक्याच्या मधोमध हात वर करायची, शेवटचा डबा जाईपर्यंत तशीच उभी राहायची, आणि ज्या शब्दावर सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. आज इतक्या वर्षांनी मला तिचा चेहरा आठवतो तोही असाच, एक हात वर आणि तोंड अर्धवट उघडं.

तिचं नाव सुमिन्त्रा. माहेर आणि सासर दोन्ही त्रिनिदाद बेटावरच्या एका छोट्या गावात, जिथे एक साखर कारखाना, एक चर्च, एक देऊळ आणि एक क्रिकेटचं मैदान होतं आणि बाकी सगळा ऊस. नवरा पोर्ट केम्ब्लाला वेल्डर म्हणून आला, त्याच्यामागे ती आली. मी गेलो तेव्हा नवरा वारून काही वर्षं झाली होती, मुलगा पर्थला होता आणि ती स्वतः हॉस्पिटलमधल्या कामातून निवृत्त झाली होती. मागची खोली तिने विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली होती. "टँटी म्हण," तिने दारातच सांगितलं. "आमच्याकडे मावशी, काकू, आत्या, सगळ्या टँटीच." मी मनातल्या मनात तिला अहो-जाहो करत होतो. पण दुसऱ्याच आठवड्यात मला ताप भरला, आणि तिने कपाळावर हात ठेवून विचारलं, "आईला कळवायचं का, की उगाच काळजीत पडेल?" तेव्हापासून ती माझ्यासाठी 'ती' झाली. बोलायची अर्थात इंग्रजीच, पण त्या बेटाच्या चालीत, शब्द झोक्यावर बसवल्यासारखी. मी इथे सगळं मराठीत लिहितो आहे, कारण माझ्या आठवणीत ती मराठीतच बोलते.

मी सिन्नरचा. आई विड्या वळायची, वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि परदेशी गेलेला आमच्या गल्लीतला पहिला. शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी आणून दिला होता, आणि भरलाही त्यांनीच, कारण इंग्रजीत 'उद्दिष्ट' या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. त्या बाईंच्या भिंतीवरच्या नकाशात त्रिनिदाद तिळाएवढं होतं. मला ते माहीत होतं ते पानटपरीवरच्या रेडिओमुळे. तिथे आपले फलंदाज खेळायला गेले की अख्खं गाव पहाटेपर्यंत टपरीभोवती जमायचं. त्या तिळावर आपल्यासारखी माणसं राहतात, डाळ शिजवतात आणि मुलींची नावं सुमिन्त्रा ठेवतात, हे मला पंचविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. टँटीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि मला वाटायचं इंडियातली सगळी माणसं डॉक्टर असतात. तुला तर साधा ताप कळला नाही."

तिच्या हातची डाळपुरी पहिल्यांदा खाल्ली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मऊसूत, हाताएवढी लांब पोळी, आत वाटलेली डाळ, जिरं आणि मिरची. ही पुरणपोळीची तिखट बहीण, असं वाटलं. तिच्याबरोबर बटाट्याची रस्सा भाजी आणि एक पिवळा मिरचीचा सॉस, ज्याचा एक थेंब घेतल्यावर मी नळाखाली तोंड धरलं होतं. शनिवारी माझा युनितला, म्हणजे युनिव्हर्सिटीतला, मित्र मिश्रा जेवायला यायचा. तो बनारसचा. टँटीशी तो हिंदीत बोलायचा, टँटीला हिंदीचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी दोघांच्या गप्पा तासन्‌तास चालायच्या. रेडिओवर क्रिकेट लागलेलं असायचं. वेस्ट इंडिजने विकेट घेतली की टँटी लाटणं ओट्यावर आपटायची.

आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखर-मिठाच्या बरण्यांशेजारी, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात तिच्या घराण्याचा शोध होता.

शोध म्हणजे एका बाईचा. टँटीच्या आजीची आई, तुळसा. त्या घराण्यातली ती पहिली, जी जहाजातून त्या बेटावर उतरली, उसाच्या मळ्यात पाच वर्षांच्या करारावर राबली आणि परत गेली नाही. ती कुठून आली हे कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा तिथे हिंदूंनाही पुरावंच लागायचं, त्यामुळे गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत तिची जागा होती. त्या जागेवर आंब्याचं झाड होतं, पण दगड नव्हता. आता गावाने ठरवलं होतं की ज्यांनी आपापल्या माणसांच्या जागा दगड बसवून नोंदवल्या नाहीत त्या जागा पुढच्या वर्षी सपाट करून नवीन लोकांना द्यायच्या. टँटीचा धाकटा भाऊ बॉयो तिथेच राहायचा. त्याने गवंड्याला दगड सांगितला होता. डिसेंबरात टँटी तिकडे जाणार होती, तिच्या देखत दगड बसणार होता. फक्त नावाखाली काय कोरायचं ते ठरत नव्हतं.

"बॉयो म्हणतो, 'कलकत्त्याची तुळसा' असं लिहू," टँटी मला म्हणाली. "जहाज कलकत्त्याहून सुटलं म्हणून. मी म्हटलं, अरे गाढवा, कलकत्ता बंदर होतं, घर नव्हे. उद्या मी मेले तर माझ्या दगडावर 'सिडनी एअरपोर्ट' लिहिशील का?"

मी हसलो. ती हसली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं आणि सांगितलं की आजी मरताना तिचा हात धरून एवढंच म्हणाली होती, माझ्या आईला गाव द्या. नाव होतं तिला, गाव नव्हतं. टँटी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिने हो म्हटलं होतं.

आता माझी चूक सांगतो. त्रिनिदादच्या राजधानीत जुन्या कागदांचं एक दफ्तर होतं, तिथे करारावर आलेल्या प्रत्येक मजुराचा परवाना ठेवलेला होता: नाव, वय, जिल्हा, गाव, अंगावरच्या खुणा. पण शोधून द्यायचं तर अर्जात जिल्हा लिहावा लागे. नुसतं 'तुळसा' लिहिलं तर कारकून म्हणे की तुळसा ढिगाने आहेत. टँटीने मला विचारलं, "तू शिकलेला आहेस, तूच सांग." हे वाक्य माझ्यासारख्या मुलाला कोणी सांगू नये. मी दोन दिवस युनिच्या लायब्ररीत बसलो, तीन जाड पुस्तकं वाचली आणि टिपणं काढली. पुस्तकांत बहुतेक मजूर बनारसच्या बाजूचेच होते. मिश्राने दुजोरा दिला, "अरे यार, सब उधर के ही गए थे. बस्ती, गोरखपुर, आज़मगढ़." मी अर्जावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: जिल्हा बस्ती. आणि सहा आठवड्यांनी खरोखर बस्तीच्या एका तुळसेच्या परवान्याची प्रत आली. वय बावीस, उंची चार फूट अकरा इंच, अंगावर खूण नाही.

मी तर उड्याच मारल्या. टँटीने कागद खिडकीपाशी नेला, खूप वेळ वाचला. "आजी सांगायची, तिच्या आईच्या डाव्या हातावर गोंदलेलं होतं. ठिपके ठिपके." मी म्हटलं, "टँटी, कारकून लोक आळशी असतात. कोण बसलंय ठिपके मोजत!" तिने त्या रात्रीच बॉयोला पत्र लिहिलं की बस्ती कोर. तिचा माझ्या शिक्षणावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, याची मला आजही लाज वाटते आणि थोडा अभिमानही.

मग ऑगस्ट आला. वॉलॉंगॉंगचा ऑगस्ट म्हणजे थंडी, समुद्रावरून येणारा बोचरा वारा, आणि मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड पिवळ्या लिंबांनी लगडलेलं. तो शनिवार होता. मला सकाळी लवकर जाग आली आणि उपमा करावा असं मनात आलं, टँटीला आपल्या हातचं काहीतरी खायला घालावं म्हणून. ती अंगणात होती. मी कांदा घेतला, खणातून चाकू काढला आणि कांद्याचं टोक उडवणार तोच मागच्या दारातून ओरडा आला.

"चाकू खाली ठेव! भास्कर! खाली ठेव म्हणते ना!"

मी इतका दचकलो की चाकू सिंकमध्ये टाकला. टँटी धापा टाकत आत आली, हातात रिकामं पातेलं. "आज नाही. आज या घरात काही कापायचं नाही, चिरायचं नाही. तवाही ठेवायचा नाही. तुला कालच सांगायला हवं होतं, मीच विसरले."

"का?"

"का ते मला माहीत नाही. आजी करायची, आई करायची. वर्षातून एक दिवस. गावात सगळे आम्हाला हसायचे. दुसऱ्या कोणाच्याच घरी नव्हतं हे. शाळेत पोरं मला 'ए बिनचाकूवाली' म्हणून चिडवायची."

गॅसवर मोठं भांडं होतं, त्यावर चाळण, चाळणीवर झाकण, आणि कडेने वाफ निघत होती. त्या वाफेचा वास माझ्या नाकात शिरला आणि मी सिन्नरच्या आमच्या पत्र्याच्या घरात गेलो. मी न विचारता झाकण उचललं. आत कणकेच्या चौकोनी घड्या ओळीने बसल्या होत्या, चारी बाजूंनी पाकिटासारख्या दुमडलेल्या, आणि एक फुटली होती तिच्यातून गोड डाळ बाहेर आली होती.

"टँटी," मी म्हटलं, "हे दिंड आहेत."

"आम्ही त्याला काही म्हणत नाही. वाफेचे म्हणतो."

"आज कोणता दिवस हे कसं ठरवता?"

तिने भिंतीवरचं कात्रण दाखवलं. वर्तमानपत्रात मासे पकडणाऱ्यांसाठी भरती-ओहोटीचं आणि चंद्राचं कोष्टक यायचं ते. एका तारखेभोवती लाल वर्तुळ होतं. "पावसाच्या दिवसांत, नवीन चंद्र झाला की पाचवा दिवस. आजीने बोटांवर मोजायला शिकवलं. इथे पाऊस वेगळ्या वेळी पडतो, म्हणून मी तिकडचा धरते." अधिक महिन्याचा हिशोब अर्थात तिच्याकडे नव्हता. त्यामुळे काही वर्षी तिची पंचमी महिनाभर आधी व्हायची, हे पुढे माझ्या लक्षात आलं. पण त्या वर्षी ती अगदी बरोबर होती, आणि मी, श्रावण पाळणाऱ्या घरातला मुलगा, त्या दिवशी सकाळी हातात चाकू घेऊन उभा होतो.

"आणि अंगणात काय करत होतीस?"

"दूध ठेवून आले. लिंबाखाली."

"कोणासाठी?"

"ते पण माहीत नाही. आजी ठेवायची. इथे शेजारची मांजर पिते."

"नागासाठी ते. सापासाठी. आज नागपंचमी आहे."

टँटी खुर्चीवर बसली. "सापासाठी? मी आयुष्यभर सापांना दूध पाजतेय?" आणि मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मीही. मी तिला सांगत सुटलो: आमच्याकडे आज विळी उभी करत नाहीत, तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत, शेतात नांगर घालत नाहीत, कुदळ मारत नाहीत. आई पुरणाचे दिंड उकडते. मुली झोके घेतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. तेवढ्यात मालगाडी आली. टँटीने हात वर केला. मी गप्प झालो. गाडी जाईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि त्या तेवढ्या वेळात, बश्या खडखडत असताना, मला कळलं की मी काय करून ठेवलं आहे. डबे गेले. टँटी हळूच म्हणाली, "मग बस्तीची ती कोण?"

दुपारी मिश्रा आला. त्याला सगळं सांगितलं. तो शिस्तीचा माणूस, लगेच म्हणाला, "देख यार, तवा तो हमारे यहाँ भी नहीं चढ़ता नागपंचमी पर. ये कोई सबूत नहीं हुआ." माझा चेहरा पडला. त्याने ताटातला एक दिंड हाताने मोडला, वर तूप घेतलं, खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसऱ्याला थांबून म्हणाला, "लेकिन ये चीज़ हमारे यहाँ नहीं बनती. मैंने देखी ही नहीं." टँटीने त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं. तिला हिंदी कळत नव्हतं, पण हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडे आदल्या संध्याकाळी, तिने बॉयोला फोन लावला. मी शेजारी कान लावून उभा. दगडावर अक्षरं उमटली असतील तर ती माझ्या हातची होती.

"बॉयो, दगड झाला का?"

"कसला होतोय! गवंडी मॅच बघतोय. मॅच संपेपर्यंत छिन्नीला हात लावणार नाही म्हणतो."

"देव भलं करो त्या मॅचचं! त्याला सांग, बस्ती कोरायचं नाही."

"आता काय झालं? तुझा शिकलेला पोरगा काय म्हणतो?"

टँटीने माझ्याकडे बघितलं. "शिकलेला पोरगा म्हणतो, तो चुकला. नवीन अर्ज कर. जिल्हा लिही नाशिक." मग जरा थांबून, "आणि बॉम्बेच्या बाजूचं सगळं बघायला सांग त्या कारकुनाला."

नाशिक मी सुचवलं होतं. खरं तर दिंड सगळ्या देशावर करतात, नगरला करतात, पुण्याकडे करतात. पण मला नाशिकच हवं होतं. त्याहून खरं सांगायचं तर मला सिन्नर हवं होतं. त्या तीन महिन्यांत मी मनात अनेकदा दगडावर 'सिन्नर' वाचलं, आणि आमच्याच गल्लीतून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेली पाहिली.

मधल्या काळात मी आईला पत्र लिहिलं. आईला लिहिता येत नव्हतं. शेजारची शाळकरी मुलगी वाचून दाखवायची आणि उत्तरही तीच लिहायची. पत्राबरोबर एक छोटं पार्सल आलं. पत्र अजून माझ्याकडे आहे, रेघी कागदावर, गोल अक्षरात:

"कागुद यायचा तवा येईल. जी बाई पंचमीला विळी लावीत न्हाई ती आपलीच. तिला म्हनाव, पंचमीला लेक म्हायेरी आली न्हाई तर तिला खण-नारळ धाडत्यात. नारळ तिकडं येऊ देत न्हाईत असं पोष्टातल्या भाऊंनी सांगितलं, म्हनून नुसता खण धाडते. हिरवा हाय, बरा दिसंल. तू तिच्याकडून भांडी घासून घेतो का? घेऊ नको. ती डिसेंबरात लांब जानार म्हनतो तर पोचल्याव कळवाय सांग. लेक पोचल्याचा निरोप येईस्तोर आपल्याला घास ग्वाड लागत न्हाई."

मी टँटीला वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगितलं. तिने खण हातात घेतला, त्याच्या काठावर बोट फिरवलं. "तुझी आई मला ओळखत नाही."

"ओळखते म्हणते."

"मी अडुसष्ट वर्षांची आहे. तुझी आई किती वर्षांची?"

"बावन्न असेल."

"आणि ती मला लेक म्हणते!" तिला ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून भांडी मी घासायची असा नियमच झाला. "आईचा हुकूम आहे," असं म्हणून ती पाय लांब करून रेडिओ ऐकत बसायची.

नोव्हेंबरच्या शेवटी बॉयोचं जाड पाकीट आलं. टँटीने ते मला फोडायला लावलं. परवान्याची प्रत अंधुक होती, पण वाचता येत होती. तुळसा. वय चोवीस. जिल्हा नाशिक. गाव चांदवड. अंगावरच्या खुणा: डाव्या हातावर गोंदण. कारकून आळशी नव्हता.

मी 'चांदवड' दोनदा वाचलं. सिन्नर नव्हतं. मनात कुठेतरी एक बारीकशी टोचणी लागली, आणि लगेच माझंच मला हसू आलं. चांदवडला माझी एक आत्या दिली होती. मी लहानपणी तिथे जायचो, डोंगर चढून देवीला. टँटीला सगळं सांगितलं, डोंगर कसा, देऊळ कुठे, हवा कशी. कलकत्त्याला ती कशी पोचली ते कागदावर नव्हतं आणि कधीच कळलं नाही. काशीला निघालेल्या लोकांबरोबर गेली असेल, दुष्काळात गेली असेल, घरातून काढलेली असेल. टँटी म्हणाली, "ते तिचं तिला ठाऊक. मला गाव हवं होतं." आणि तिने तो उच्चार घोटायला सुरुवात केली. चांदवड, चांदवड. ओट्याशी, अंगणात, मालगाडी गेल्यावर लगेच.

त्याच संध्याकाळी तिने बॉयोला फोनवर मजकूर सांगितला: तुळसा, चांदवडची लेक. बॉयोचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "लेक? ती आपल्या सगळ्यांची पणजी होती!"

"तुझी पणजी होती," टँटी म्हणाली. "तिथे ती कोणाचीतरी लेक होती. कोर."

डिसेंबरात मी तिला ट्रेनने सिडनीला नेलं, विमानतळावर सोडायला. समुद्राच्या कडेने जाणारी ती गाडी तिला फार आवडायची. ती नवीन निळ्या ड्रेसमध्ये होती, पर्समध्ये हिरवा खण. आत जाण्याआधी तिने माझ्या हातात घराची किल्ली दिली आणि म्हणाली, "लिंबं तोडत राहा. आणि दोन घास नीट जेव, मी पोचेपर्यंत थांबू नकोस." मी बाहेर येऊन खांबाला टेकून रडलो. एक पोरसवदा सफाई कामगार जवळ येऊन विचारून गेला, "यू राइट, मेट?" मी म्हटलं, नो वरीज, मावशी माहेरी चालली आहे. त्याला काही कळलं नसेल, पण त्याने मान डोलावली.

आता मी सिडनीच्या एका उपनगरात, स्कोफिल्ड्सला राहतो. मुलगी, जावई, नात शेजारच्याच रस्त्यावर. आजूबाजूला इतकी मराठी घरं आहेत की गणपतीत मोदकांची ऑर्डर आधी द्यावी लागते, आणि पंचमीला कोणी ना कोणी व्हॉट्सॲपवर दिंडांचा फोटो टाकतंच. तिथी फोन सांगतो, अधिक महिन्यासकट. गेल्या वर्षी पंचमीला मुलीने कामावरून दमून येऊन पिझ्झा मागवला. खोका उघडला आणि खणातून पिझ्झा कापायचं ते चाक काढलं. पाच वर्षांची नात खुर्चीवर उभी राहून ओरडली, "ममा, पुट इट डाउन! आजोबा सेड नो नाइफ!" मुलगी म्हणाली, "बाबा, पिझ्झा कटर इज नॉट अ नाइफ." आमची त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पिझ्झा हाताने फाडून खाल्ला. फाडताना सगळं चीज नातीच्या केसांत गेलं. ओरडण्यात नातीने टँटीची जी चाल धरली होती ती ऐकून मी दचकलोच, कारण टँटी वारली तेव्हा नातीची आईसुद्धा लहान होती. ती चाल माझ्यातूनच गेली असणार.

भिंतीवर, देवघराच्या डाव्या हाताला, तो फोटो आहे. आंब्याखाली करडा दगड, दोन ओळी, आणि दगडावर पसरलेला हिरवा खण, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक कच्चा आंबा ठेवलेला. फोटो नंतर पोस्टाने आला. त्याच्या आधी फोन आला होता. सकाळची वेळ होती, त्या रिकाम्या घरात मी एकटा, चहा करत होतो. पलीकडे खूप माणसांचा गलका, कोणीतरी ढोलक वाजवत होतं, आणि त्यावरून टँटीचा आवाज.

"भास्कर! ऐकू येतंय? दगड बसला. खण घातला. सगळ्यांना वाफेचे खायला घातले, अख्ख्या गावाला. आता कोणी हसत नाही, मागून मागून खातायत."

"आणि तू कशी आहेस?" मी विचारलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कोळशाची गाडी आली. बश्या खडखडायला लागल्या. तिला फोनवर ऐकू गेलं असणार, कारण ती थांबली, पृथ्वीच्या त्या टोकाला, नक्कीच हात वर करून. मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभा राहिलो. शेवटचा डबा गेला.

"तुझ्या आईला निरोप दे," टँटी म्हणाली. "म्हणावं, आम्ही दोघी पोचलो."